रजिस्टरातला शेवटचा रकाना

मला ज्यांनी घडवलं त्यांचं नाव मुनीरोद्दीन. नांदेडच्या जुन्या वस्तीत त्यांच्या घराण्याच्या सहा-सात पिढ्या गेल्या. वडील अत्तर विकायचे, आणि हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. आम्ही विद्यार्थी त्यांना मुनीर सर म्हणायचो. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी मी दाढी करत असताना त्यांच्या मुलीचा, सबाचा फोन आला. "दादा, अब्बा गेले..." मग ती म्हणाली, "तुमचं पत्र पोचलं होतं." मी विचारलं, "वाचलं का त्यांनी?" पण तोवर तिकडं रडणं सुरू झालं होतं. अशा वेळी आपण हे विचारलं याची लाज वाटली. गाल कापलाय हे मला नंतर कळलं. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत मी साडेतीन तास एकच विचार करत होतो, वाचलं की नाही. मातीला निघालेल्या माणसाच्या मनात दुसरं काही असायला पाहिजे. माझ्या मनात नव्हतं.

मी रेणापूरकडच्या एका खेड्यातला. वडील लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं नांदेडच्या कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा विद्या म्हणजे काहीतरी स्वच्छ, पांढरं असेल अशी माझी कल्पना होती. सरांनी पहिल्या दिवशी मला शिकवलं ते मारणं. उंदराला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचं, तो पुढच्या पायांनी जाळी धरतो, मग मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपटी झटक्यात मागं ओढायची. बारीक आवाज होतो आणि संपतं. माझ्या हातून ते झालं नाही. पेन्सिल घसरली, उंदीर किंचाळला, माझ्या बोटाला कडकडून चावला, आणि मी त्याला भिंतीवर भिरकावलं. तो खाली पडून तडफडत राहिला. सर उठले, त्याला उचललं, आणि माझी पापणी लवायच्या आत ते काम झालं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बालाजीमियाँ, तुमचा हात घाबरला म्हणून याला दोनदा मरावं लागलं. यापुढं एकदाच."

मग त्यांनी रजिस्टर पुढं केलं. लांबट, लाल पुठ्ठ्याचं. उंदराचा क्रमांक, आई, बाप, पिंजरा, तारीख आणि शेवटचा रकाना, मृत्यूचं कारण. मी लिहिलं, 'प्रयोगासाठी'. सरांनी ते खोडलं. "प्रयोगाला हात असतात का? मारलं तुम्ही. नाव लिहा." मी 'बालाजी' लिहिलं, तेव्हा बोटाचं रक्त त्या पानाला लागलं. मागची पानं चाळली तर त्या रकान्यात खालपर्यंत एकच नाव होतं... मुनीर, मुनीर, मुनीर. मधूनच एखाद्या ठिकाणी 'ताप', 'आईने खाल्लं', 'कारण कळलं नाही'. रजिस्टर ते मराठीत ठेवायचे. पिंजरे झाडणाऱ्यालाही वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सरांचा विषय तसा उंदीर नव्हता, उंदराच्या आत दडलेलं काहीतरी होतं. उंदराच्या प्रत्येक पेशीतल्या आनुवंशिक द्रव्यात विषाणूसारखे दिसणारे शेकडो, हजारो तुकडे विखुरलेले असतात. कधीतरी, माणसाच्या आठवणीपलीकडच्या काळात, खरोखरचा विषाणू एखाद्या उंदरात शिरला, बीजपेशीपर्यंत पोचला आणि तिथंच रुतून बसला. मग पुढच्या पिल्लांना तो आईबापाकडून मिळत गेला, डोळ्यांच्या रंगासारखा. सर वर्गात सांगायचे, "हा पहिल्यांदा आला तेव्हा दरोडेखोर होता. दार फोडून, मारत, तोडत आत आला. आता याचं नाव वंशावळीत लागलंय. बाहेर जायचा रस्ता हरवला, म्हणून आतल्या आत उड्या मारतो. एका जागेवरून स्वतःची नक्कल दुसरीकडं नेऊन चिकटवतो, आणि पडेल तिथं काहीतरी मोडतो. पण आता काय करता? घरचाच आहे!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, घरजावई म्हणा की." सर इतके हसले की हातातला खडू खाली पडला.

हे तुकडे एकमेकांचे कोण लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. दोन उंदरांत एकच तुकडा नेमक्या एकाच जागी सापडला तर तो दोघांच्या एका पूर्वजाकडून आलेला. आत शिरताना प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं हुबेहूब सारखी असतात. मग पिढ्या जातात, दोन्ही टोकांत वेगवेगळ्या चुका साठतात. टोकांत जितका फरक, तितका तो घाव जुना. आमच्याकडं यंत्रं नव्हती. आम्ही यकृत कुटायचो, त्यातलं द्रव्य काचेच्या कांडीवर लोकरीच्या धाग्यासारखं गुंडाळायचो, आणि बर्फ भरलेल्या थर्मासमधून रेल्वेनं हैदराबादला पाठवायचो. तिथं सरांचे एक जुने मित्र पुढचं काम करायचे. काही आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या नळीतून एक्स-रेसारखी फिल्म यायची. सर ती खिडकीच्या उजेडात धरून उभे राहायचे. काळ्या पट्ट्यांची शिडी. कोणता पट्टा कुणाकडून कुणाकडं गेला ते रजिस्टरातल्या आईबापांशी ताडून बघायचं. वंशावळ चुकली की फिल्म मुकी.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, कॉलेजात जागा निघाल्या आणि सरांच्या शिफारशीवर मी अधिव्याख्याता म्हणून गावाकडं आलो. नांदेडच्या कॉलेजला उंदरांची खोली उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती. इकडं आमच्या प्राचार्यांना नव्या जिल्ह्यात संशोधन पाहिजे होतं. त्यांनी मैदानाच्या टोकाला, हमालवस्तीला लागून असलेलं पत्र्याचं शेड दिलं. पिंजरे तिकडं आले. सर शनिवार-रविवार यायचे, नंतर तर रजाच काढून राहिले, कारण लातूरच्या मोंढ्यातल्या उंदरांत त्यांना एक नवल सापडलं होतं. टोकं एका कुळाची आणि मधलं धड दुसऱ्याच कुळाचं असा एक तुकडा. दोन जुन्या दरोडेखोरांची आतल्या आत सोयरीक झाली होती. तो खरंच एकसंध आहे, शेजारी पडलेले दोन तुकडे नाहीत, हे दाखवायला तीन पिढ्या वाढवून बघायच्या होत्या. तिन्ही पिढ्यांत टोकं आणि धड एकत्रच उतरली, तर सिद्ध.

मोंढ्यातले उंदीर आणायचे माझे वडील. आडत दुकानात पोती हलली की उंदीर सैरावैरा सुटतात आणि हमाल टाचेनं चिरडतात. आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं. शेडमध्ये सरांचा हात चालताना बघून ते म्हणाले, "मास्तर, आमी टाचंनं मारताव, तुमी पेन्सलीनं. मरायचं त्येला काय फरक हाय?"

"त्याला नाही काका," सर म्हणाले. "आपल्याला आहे."

वडील म्हणाले, "हाव... ते खरं हाय." त्या दिवसापासून ते उंदीर जिवंत धरून धोतराच्या ओच्यात आणायचे, बोटं चावून रक्ताळलेली असायची. जोडीदार हमाल चिडवायचे, "पोरगं प्रोफेसर झालं अन् बाप उंदरं धरून राहिला!" सर दुपारी त्यांच्याच टपरीवर चहा प्यायचे आणि हमालांना उंदरांच्या गोष्टी सांगून हसवायचे. सरांइतका बोलका माणूस मी पाहिला नाही.

मग पाऊस गेला तो गेलाच. त्या वर्षी नळाला वाराच यायचा. वस्तीत टँकर चौथ्या दिवशी. टँकर आला की आधी घागरींची आदळआपट, मग केस ओढणं, मग डोकी. एका बाईच्या कपाळावर पितळी घागरीची कड बसून हाड दिसलं. एका म्हाताऱ्याचे पुढचे दात गेले. ते रक्त धुवायला कुणी पाणी वाया घालवलं नाही, ते तसंच वाळून काळं पडलं. टँकरवाल्यावर पक्षपाताचा आरोप नको म्हणून तो प्रत्येक थांब्यावर पायरीवर उभं राहून मंजूर यादी मोठ्यानं वाचायचा, कुणाला किती.

शेडलाही पाणी लागायचं. तीनशे उंदीर मिळून दिवसाला एखाद-दीड तांब्या पितात, पण पिंजरे आणि बाटल्या धुवाव्याच लागतात. सर म्हणाले, "कचेरीत अर्ज द्या. नुसतं 'प्रयोगशाळेसाठी' लिहा." पूर्वी आमच्याकडचा कागद उस्मानाबादला जायचा, आता कचेरी गावात. आपल्या जिल्ह्यात काय मोठं काम चाललंय ते त्या लोकांना कळावं असं मला वाटलं. शाळेत शिकवलं होतं, अर्जात खरं कारण सविस्तर लिहावं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तीनशे उंदरांना पिण्यासाठी व त्यांचे पिंजरे धुण्यासाठी दोन पिंपे पाणी मिळावे.' आठवड्यात मंजूर झालं. सरांना म्हणालो, "काम झालं." त्यांनी पाठ थोपटली. अर्ज मी त्यांना दाखवला नाही.

पुढच्या टँकरला मी तिथंच उभा होतो. भर दुपार. पाणी अर्ध्या रांगेतच संपत आलं. टँकरवाल्यानं नळ बंद केला आणि म्हणाला, "बस, राहिलेलं दुसऱ्याचं हाय." रांग उसळली. त्यानं यादी काढली आणि बोट ठेवून वाचलं, "कॉलेज, उंदीरखाना, दोन पिंपं."

एक बाई म्हणाली, "कुणाला?"

"उंदराला."

"वाच की पुन्हा."

त्यानं पुन्हा वाचलं. मग एकानं रिकामी घागर जमिनीवर आपटली, आणि सगळी गर्दी मैदानाच्या दिशेनं वळली. टँकरपासून शेड पाच मिनिटांच्या अंतरावर. मला पोचायला वीस मिनिटं लागली. का लागली, ते पुढं येईल.

मी पोचलो तेव्हा पत्रे फाटत होते. आतले पिंजरे एकेक करून बाहेर येऊन आपटत होते, काच फुटत होती, पांढरे आणि करडे उंदीर उन्हात सुटले होते आणि माणसं त्यांच्यावर नाचत होती. हमालांच्या टाचा... सवयीनं, नेमक्या, एकेका घावात. जमीन ओली झाली होती. सर दारात आडवे उभे होते. त्यांनी उजव्या हातानं चौकट धरून ठेवली होती आणि सोडत नव्हते. कुणीतरी लोखंडी दार ओढून त्या हातावर आपटलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा हात चौकटीतच होता आणि सर खाली. आत एक बाई उंदरांच्या पाण्याच्या उलट्या टांगलेल्या बाटल्या उपसून काढत होती. त्यातल्या एका बाटलीची नळी तिनं कडेवरच्या पोराच्या तोंडात दिली. पोर चोखायला लागलं. जमिनीवरून सर म्हणाले, मी स्वतः ऐकलं, "पिऊ दे... पिऊ दे त्याला. उकळलेलं आहे."

काठ्या त्यांच्या पाठीवर पडतच होत्या. मी गर्दीच्या कडेला, घुसायला वाट नव्हती, का धैर्य नव्हतं, आता सांगता येत नाही. तेवढ्यात माझे वडील मोंढ्याकडून धावत आले. त्यांनी खांद्यांनी रेटत सरांना गाठलं, पोतं उचलतात तसं एका झोक्यात पाठीवर घेतलं, कंबरेतून वाकले आणि मोंढ्यात दिवसभर देतात तीच आरोळी दिली, "सरका! वझं हाय! वझं हाय, सरका!" आणि ती गर्दी सरकली. तीही बहुतेक हमालांचीच होती. आयुष्यभर या आरोळीला बाजूला व्हायची अंगाला सवय. काठ्या वर उचललेल्या हातांनी त्यांनी वाट दिली. काय झालं ते त्यांच्या लक्षात येईपर्यंत वडील रस्त्याला लागले होते. दवाखान्याच्या पायरीवर ते म्हणाले, "लई हलकं हाय रे तुझ्या मास्तरचं वझं. पोत्याच्या निम्मं."

सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. तिसरी पिढी संपली, प्रश्न अर्धा राहिला. पट्टीतल्या हाताकडं बघत ते मला म्हणाले, "माझीच चूक, बालाजीमियाँ. परवा टपरीवर मीच सांगत होतो ना, आमचे उंदीर उलट्या बाटलीनं पाणी पितात म्हणून? सगळे हसले. मला वाटलं, हसले." मी म्हणालो, "असू द्या सर." तेवढंच म्हणालो.

नांदेडला परतल्यावर त्यांनी डाव्या हातानं रजिस्टर पूर्ण केलं. तीनशे उंदीर, अकरा पानं, प्रत्येकाची आई, प्रत्येकाचा बाप, आणि शेवटच्या रकान्यात लहान मुलानं काढावं तसं वाकडं अक्षर, मुनीर... मुनीर... मुनीर. त्यांनी टपरीवर चहा प्यायचं बंद केलं. वर्गाबाहेर कामाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नक्को बाबा, माझी जीभ वाईट आहे." त्याच डाव्या हातानं त्यांनी माझ्या पीएच.डी.साठी शिफारसपत्र लिहिलं. माझं नाव झालं, घर झालं, मुली शिकल्या. वडील गेले तेव्हा सर आमच्या खेड्यात आले आणि चितेसमोर सगळा वेळ उभे राहिले. मी दर ईदला नांदेडला जायचो, शीरखुर्मा प्यायचो, आणि न बोलता परत यायचो. या ईदला सर म्हणाले, "त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर तिसरी पिढी जगली असती, नाही का?" ऐंशी ओलांडलेला माणूस, वाटी तशीच हातात. घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो. लिहायला दोन महिने लागले.

दफन झाल्यावर सबानं मला त्यांच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, काचेवर चिकटपट्टीनं लावलेली एक जुनी फिल्म, पट्टे पिवळट झालेले. टेबलावर लाल रजिस्टर. ती म्हणाली, "पत्र आलं त्या दिवसापासून हेच उघडून बसले होते. मला हात लावू दिला नाही. रोज एक-दोन पानं." माझं पत्र त्या अकरा पानांत खूण म्हणून घातलेलं होतं, पाकीट डाव्या हातानं वेडंवाकडं फाडलेलं. मी पानं उलटली. प्रत्येक ओळीत 'मुनीर' खोडलं होतं, तीनशे वेळा. मी माझं नाव शोधलं. कुठंच नव्हतं. प्रत्येक खोडलेल्या नावापुढं थरथरत्या अक्षरात एकच शब्द होता, 'तहान'.

रजिस्टर आता माझ्याकडं आहे. पत्र सबानं परत दिलं आणि छापायला परवानगीही. ते जसं होतं तसं देतो.

"आदरणीय सर, स. न.

हे पत्र मी फार पूर्वी लिहायला हवं होतं. टपरीवर तुम्ही जे बोललात त्यानं काहीच झालं नव्हतं. हमाल हसले आणि विसरले. टँकरच्या यादीत 'उंदीरखाना' हा शब्द आला तो माझ्या अर्जातून. तुम्ही 'प्रयोगशाळेसाठी' लिहायला सांगितलं होतं. मी उंदीर लिहिले, आकडाही लिहिला, कारण मला ते अभिमानाचं वाटलं. यादी वाचली गेली तेव्हा मी तिथं होतो.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढं आहे. गर्दी शेडकडं वळली तेव्हा मी तुम्हाला सांगायला धावलो नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो, फाइल काढली, अर्जाची प्रत फाडून खिशात घातली, आणि मग आलो. तुमचा हात त्या वीस मिनिटांमुळं गेला. मी आधी आलो असतो तर तुम्ही दारात उभे नसता.

तुम्ही शिकवलं होतं की घाव झाला तेव्हा दोन्ही टोकं सारखी असतात, मग काळ जाईल तशी वेगळी होत जातात. तुम्ही बोलणं सोडलं, मी बोलत सुटलो, व्याख्यानं दिली, हार घेतले. आपल्यात किती अंतर पडलं ते मी दर ईदला मोजत आलो.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुम्ही देऊन टाकाल. एकच विनंती आहे. त्या अकरा पानांवरचं तुमचं नाव खोडा आणि तिथं माझं लिहा. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, मारलं त्यानं नाव लिहायचं. हात दुखत असेल तर तसं कळवा, मी नांदेडला येतो. तीनशे वेळा लिहायचं आहे, मी माझ्या हातानं लिहीन.

आपला,
बालाजी"